गाडीचा पासपोर्ट मिळेल, पण अनामत कोण भरणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय मोटारसायकलचा आहे, तरी तो फक्त मोटारसायकलवाल्यांचा नाही.

ऑगस्ट २०२५ च्या शेवटी एक बातमी सगळीकडे फिरली होती. मुंबईचा योगेश आळेकरी हा रायडर १ मे रोजी निघाला, नेपाळ, चीन, मध्य आशिया करत सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोचला. तिथे नॉटिंगहॅमच्या वुलॅटन पार्कात ३१ ऑगस्टला त्याची केटीएम गाडी चोरांनी लांबवली. गाडीसोबत पासपोर्ट गेला, पैसे गेले. नंतर तिथल्याच मॅन्सफिल्ड गावच्या एका मोटारसायकल विक्रेत्याने त्याला तशीच दुसरी गाडी दिली. आपल्याकडे सगळे म्हणाले, बघा, माणुसकी अजून आहे. आहेच. पण गाडीला गाडी मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असं जे आपण समजतो, तिथे थोडं थांबायला हवं.

कारण परदेशात तुमची मोटारसायकल म्हणजे फक्त चाकं आणि इंजिन नसतं. ती चासी नंबर, इंजिन नंबर आणि त्या नंबरांवर काढलेले कागद असते. गाडी बदलली की सगळे कागद नव्याने. आणि हे कागद मिळवणं हाच या प्रवासाचा सगळ्यात कठीण घाट आहे. हिमालय त्यापुढे सोपा.

आता मूळ मुद्दा सांगतो. नकाशात भारताला चहूबाजूंनी शेजारी दिसतात. मोटारसायकलवाल्यासाठी मात्र आपला देश जवळजवळ बेट आहे. पश्चिमेला पाकिस्तानातून वाट बंद. पूर्वेला म्यानमारमधून थायलंडला जायची वाट काही वर्षं चालली, मग कोरोना आला, २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, ती वाटही गेली. उत्तरेला नेपाळ सोपा, सीमेवर भन्सार भरला की आत. पण पुढे चीनमध्ये शिरायचं तर सरकारमान्य गाइड सोबत घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. राहिला समुद्र. म्हणजे गाडी लाकडी पेटाऱ्यात भरायची आणि बोटीने किंवा विमानाने पलीकडे दुबईला, ओमानला, आफ्रिकेला पाठवायची.

यात नवीन काही नाही. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले, त्यातले तिघे १९२८ ला फेरी पुरी करून परतले. समुद्र आडवा आला की सायकल बोटीवर चढवली. मार्च २०२३ मध्ये रमिला लटपटे नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियावरून मोटारसायकलने जगाच्या सफरीला निघाली, तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले. फोटोत पेटारा दिसत नाही आणि फाइल तर नाहीच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इकडचा एक मुलगा ती फाइल घेऊन माझ्याकडे आला. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना आवडणार नाही. वडील मासेमारीत, हा स्वतः पर्यटकांना स्कूबाला नेतो आणि उरलेल्या वेळात गाड्या दुरुस्त करतो. आफ्रिकेतून खाली केपटाउनपर्यंत जायचं त्याचं स्वप्न. आई म्हणते, "हंय रस्ते धड नाय, आणि ह्यो जग फिराक चललो!" मुलाने मात्र सगळी माहिती काढली होती. त्याचं ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे आपल्या जिल्ह्यात कोणालाच नीट माहीत नाही. म्हणून सरळ सांगतो.

पहिला कागद, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो आपल्या ओरोसच्या आरटीओतून मिळतो, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. या पूर्ण यादीतला घरच्या जिल्ह्यात होणारा बहुधा हा एकच सरळ कागद.

दुसरा कागद म्हणजे कार्नेट. हा गाडीचा पासपोर्ट. आपल्याकडे वाडीवाडीत कोणी ना कोणी बोटीवर कामाला आहे, त्यांना पटकन समजेल. खलाशाचं सीडीसी असतं ना, कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला याची नोंद असलेलं? कार्नेट म्हणजे मोटारसायकलचं सीडीसी. प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना कस्टमवाला एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, तिसरा शिक्क्यासकट तुमच्याकडे. पाच, दहा किंवा पंचवीस पानांचं पुस्तक, मुदत वर्षाची. युरोपात ते लागत नाही, पण इराण, इजिप्त अशा देशांत त्याच्याशिवाय गाडी हलत नाही.

हे कशासाठी? साधं आहे. तुम्ही परदेशी गाडी आत नेली आणि तिथेच विकून टाकली, तर त्या देशाचा आयात कर बुडाला. कार्नेट सांगतं, ही गाडी परत बाहेर जाईल, नाही गेली तर कर आम्ही भरू. हे 'आम्ही' म्हणजे कार्नेट देणारी संस्था. आपल्या भागासाठी मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, १९१९ पासूनची जुनी संस्था. आता ती संस्था तुमच्यासाठी परक्या सरकारला हमी देणार, तर तुमच्याकडून काहीतरी धरून ठेवणारच. त्यात तिची चूक नाही. म्हणून अनामत किंवा बँकेची हमी.

ही अनामत किती, हे गाडीच्या किमतीवर आणि कुठल्या देशांतून जाणार यावर ठरतं. जिथे आयात कर जबर, तिथे अनामत गाडीच्या किमतीएवढी, काही वेळा त्याहूनही जास्त. हिशेब करून बघा. गाडी धरा तीन लाखांची. बरोबरीने अनामत म्हटली तरी तीन लाख, दुप्पट म्हटली तर सहा लाख. हा खर्च नव्हे, परत मिळणारे पैसे, असं कोणी म्हणेल. बरोबर. पण ज्याच्याकडे सहा लाखांची ठेव पडून आहे, त्याच्यासाठी ते परत मिळणारे पैसे. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी ते आईचे दागिने किंवा घराचा उतारा.

आणि परत मिळतात तेही शिक्के बरोबर असतील तर. कुठल्या तरी सीमेवर रात्री बारा वाजता बाहेर पडतानाचा शिक्का राहिला, तर कागदावर गाडी अजून त्या देशात आहे. घरी परतल्यावर आपल्या कस्टमची परतीची नोंद राहिली, तरी तेच. गाडी चोरीला गेली तर पोलिसांचा कागद घेऊन त्या देशाच्या कस्टमला पटवत बसा. तोवर अनामत अडकून.

मग पेटारा. पेट्रोल काढायचं, बॅटरीची वायर सोडवायची. भाडं बरंचसं घनफळावर असतं, म्हणून पुढचं चाक, हँडल, आरसे काढून पेटारा जमेल तेवढा लहान करायचा. लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का मारलेलं हवं, नाहीतर पलीकडचं बंदर पेटारा अडवतं, लाकडातून कीड जाते म्हणून. गंज कसा धरतो आणि त्याला तेलाचा हात कसा द्यायचा, हे मालवणच्या माणसाला शिकवायला नको, तेवढं एक आपल्याला फुकट येतं. आणि एक लक्षात ठेवा: बोटीचं भाडं स्वस्त सांगितलं तर खूश होऊ नका. पलीकडच्या बंदरातली हाताळणी, गोदाम, एजंट यांचं बिल वेगळं येतं आणि तेच पुष्कळदा भाड्याच्या वर जातं. निघण्याआधी दोन्ही टोकांचा आकडा लेखी घ्या.

आता माझं म्हणणं.

३० एप्रिल १९९७ रोजी सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून पर्यटन म्हणजे काय, तर येणारा माणूस. त्याच्यासाठी रस्ता, त्याच्यासाठी होमस्टे, त्याच्यासाठी २०२१ ला चिपीचा विमानतळ. केंद्राने २०२२ मध्ये परदेशी गाड्या भारतात आणणाऱ्यांसाठी वेगळे नियम केले. चांगलंच केलं. गोव्याला येणारे परदेशी रायडर त्यांच्या देशाच्या नंबर प्लेटसकट आपण पाहिलेत, याच कार्नेटवर येतात ते. पण एमएच ०७ ची गाडी केपटाउनला जायची म्हटली, तर तिच्यासाठी कोणाच्या टेबलावर काय आहे? आपण पाहुण्याच्या बॅगा उचलायच्या, त्याने सांगितलेल्या प्रवासाच्या गोष्टी ऐकायच्या आणि आपल्या पोराने हात हलवून निरोप द्यायचा. एवढंच आपलं पर्यटन?

याला दोन आक्षेप येणार, मला माहीत आहे.

पहिला, ही चैन आहे. इथे मच्छीमाराच्या डिझेलचे प्रश्न आहेत, मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंय, आणि तुम्ही कोणाच्या गाडीच्या सहलीचं घेऊन बसलात? त्यांना माझं उत्तर असं, की ही चैन फक्त पैसेवाल्यांना परवडते ती अनामतीमुळे. गाडी तर आज आपल्या पोरांकडे आहे, हप्त्यावर का होईना. काम करायची, उपाशी राहायची, तंबूत झोपायची तयारी आहे. अडतं ते ठेवीपाशी. एखादी गोष्ट गरिबाला मिळत नाही म्हणून तिला चैन म्हणायचं आणि चैन आहे म्हणून ती गरिबाला द्यायची नाही, हे वर्तुळ मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप, सरकारने यासाठी पैसे का द्यावेत? देऊ नयेत. एक रुपया देऊ नये. कार्नेटमध्ये लागते ती हमी, आणि परत येणाऱ्या माणसाची हमी घेतली तर खिशातून काही जात नाही. ब्रिटनमध्ये रायडरला पूर्ण ठेव अडकवण्याऐवजी विम्याचा हप्ता भरून कार्नेट घेण्याची वाट होती. आपल्याकडे जिल्हा बँक आहे, पतसंस्था आहेत. ओळखीच्या माणसांचे दोन जामीन घेऊन त्या नौकेला कर्ज देतात, बागेला देतात. वर्षभराच्या बँक हमीसाठी एखादी लहान योजना का बसू नये? गाव ओळखतं, घर ओळखतं, पोरगं पळून जाणार कुठे?

म्हणून मागण्या तीनच, आणि तिन्ही साध्या.

एक, ओरोसच्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवाना देताना सोबत मराठीत एक पानाची माहिती द्यावी: कार्नेट कुठे, कस्टमची नोंद कशी, परतल्यावर काय करायचं. छपाईचा खर्च चहाएवढा.

दोन, विमा कंपन्या आणि कार्नेट देणाऱ्या संस्था यांना एकत्र बसवून अनामतीला विम्याचा पर्याय उभा करावा. हे दिल्लीचं काम आहे, पण दिल्लीत आपले खासदार आहेत.

तीन, सगळं मुंबईलाच का? बांद्यापासून मोपा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, मुरगाव बंदर त्याच्या पुढे. गोव्यातून पेटारा पाठवण्याची आणि तिथेच कस्टमची नोंद होण्याची सोय सिंधुदुर्गच्या माणसाला नीट समजावून मिळाली, तर पाचशे किलोमीटरचे हेलपाटे वाचतील. २०२५ ला मुंबई-विजयदुर्ग रो-रो बोटीची घोषणा झाली तेव्हा तिच्यात दुचाकी किती मावणार, भाडं किती, याची केवढी चर्चा झाली. बोटीवर गाडी चढवणं आपल्याला एवढं आपलं वाटतं, तर ती बोट मुंबईलाच का थांबावी?

ज्या किनाऱ्यावर १६६४ साली समुद्रात किल्ला बांधायला घेतला, ज्या किनाऱ्याची माणसं आज जगातल्या बंदराबंदरांत मालवाहू जहाजांवर कामाला आहेत, तिथल्या पोराची मोटारसायकल समुद्र ओलांडू शकत नाही. त्याच पेटाऱ्याची बोट हाकायला आपला माणूस चालतो, पेटाऱ्यात आपली गाडी मात्र नसते. मला हे टोचतं.

तो मुलगा सध्या बँकांच्या पायऱ्या चढतोय. दोन ठिकाणी त्याला विचारलं, "कार्नेट म्हणजे काय?" तिसऱ्या ठिकाणी विचारलं, "तारण काय?" निदान प्रश्न तरी बरोबर झाला, असं तो हसत म्हणाला.

वाचणाऱ्यांत कोणी कस्टममध्ये, शिपिंगमध्ये, बँकेत असाल तर खाली लिहा. कोणी स्वतः गाडी बाहेर नेली असेल तर अनामत किती भरली आणि किती महिन्यांनी सुटली, तेवढं सांगा. आकडे जमले की एकत्र करून निवेदन तयार करतो, ओरोसलाही देऊ आणि खासदारांनाही. सह्या लागतील. रायडर नसलात तरी चालेल.