नकाशावर पिन दिसते, उतारा दिसत नाही

प्लॉट-फ्लॅटच्या जाहिराती नकाशावर दाखवणारे वेब अ‍ॅप उभे करणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा आणि तो पडद्यावर आणणारे लीफलेट, दोन्ही फुकट. गुगलचा नकाशा घेतला तर ठरावीक वापरापुढे पैसे लागतात, इतकेच. त्यामुळे बेळगावसारख्या शहरातही अशा अ‍ॅपचा विचार कुणीही करू शकतो. अडचण आहे ती पुढे, पिन नेमकी कुठे लावायची इथे.

आपल्याकडचा पत्ता ‘मंदिराच्या मागे, तळ्याच्या अलीकडे’ असा असतो. तो संगणकाला कळत नाही. मग तो बहुधा गावाच्या मधोमध पिन लावून मोकळा होतो आणि शिवारातला प्लॉट गावठाणात दिसतो. शिवाय एजंटही पिन मुद्दाम ढोबळ ठेवतात. जागा नेमकी कळली तर पार्टी थेट मालकाकडे जाईल आणि कमिशन बुडेल, ही भीती असते. धंद्याच्या हिशेबाने ती खोटीही नाही. पण फुगलेला दर आणि हललेली पिन एकत्र आली की फसतो तो घेणाराच.

सीमाभागात यात आणखी एक गाठ आहे. बेळगावचा माणूस एकाच पडद्यावर देसूर, चंदगडकडचे शिनोळी आणि गोवा तिन्ही बघतो. नकाशावर राज्याची हद्द म्हणजे बारीक रेघ, पण रेघेपलीकडे कायदाच बदलतो. शेतजमीन घ्यायला शेतकरीच असला पाहिजे, ही अट कर्नाटकाने 2020 मध्ये काढून टाकली. महाराष्ट्रात परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला ती घेता येत नाही. कागदही वेगळे: इकडे कन्नडमधला आरटीसी, तिकडे मराठी सातबारा, गोव्यात इंग्रजी एक-चौदाचा उतारा. मापांचे तेच. 30 बाय 40 चा प्लॉट म्हणजे 1200 चौरस फूट. गोव्यात तो 111 चौरस मीटर होतो, हैदराबादेत 133 गज आणि गुंठ्याच्या हिशेबात एका गुंठ्याहून थोडा जास्त. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा. दर कुठल्या मापाने लिहिला हे न सांगता आकडे शेजारी ठेवले तर स्वस्त-महाग ठरवायचे कसे?

म्हणून जाहिरात घेतानाच सर्व्हे नंबर सक्तीचा हवा. कर्नाटकात दिशांक अ‍ॅप जागेवर उभे राहिले की सर्व्हे नंबर दाखवते. महाराष्ट्रात महाभूनकाशा आहे. म्हणजे पडताळणी अशक्य नाही, फक्त कुणीतरी बसून करायला हवी. एनए झाली आहे का, हा रकाना रिकामा ठेवता येऊ नये. प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर रेराचा नोंदणी क्रमांकही मागावा. महारेराने तर 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडच बंधनकारक केला आहे.

हे केले तर सुरुवातीला नकाशावर पिना कमी दिसतील. बाँड पेपरवर फिरणारे, एनए न झालेले कितीतरी प्लॉट गळतील आणि ते आणणारे एजंटही. अ‍ॅप चालवणाऱ्याचे उत्पन्न बहुतेक याच एजंटांच्या जाहिरातींवर असते. त्यामुळे हे रकाने सक्तीचे करायला तो आपणहून तयार होईल, अशी चिन्हे कमीच.