‘याचा उपयोग काय?’

आमच्या प्रयोगशाळेतील कोपऱ्यातल्या कपाटात फॅरडे परिणामाचे उपकरण आहे. यंदा ते एकदाच बाहेर निघाले. कोन इतके बारीक की दोन तासांत कोणाचेच उत्तर जुळेना. शेवटी गतवर्षीच्या जर्नलमधले आकडे उतरवून आम्ही सह्या घेतल्या. खोटे कशाला सांगू, मीही घेतली. “असल्या प्रयोगाचा उपयोग काय?” असे एकाने विचारले आणि सारे हसले. मीही हसलो.

त्याच पावसाळ्यात एका रात्री माझ्या काकांच्या वीज उपकेंद्रात सीटी फुटला. सीटी म्हणजे करंट ट्रान्स्फॉर्मर. उच्च दाबाच्या तारेतून किती प्रवाह वाहतो हे मोजणारे, लोखंडी गाभ्याचे आणि बहुधा तेलाने भरलेले यंत्र. आतले विद्युतरोधन खचले की तेल पेटते आणि चिनी मातीचे कवच फुटून तुकडे चौफेर उडतात. काका पाचच मिनिटांपूर्वी पाहणी करून आत आले होते, म्हणून वाचले. आजीने देवापुढे दिवा लावला. मी मात्र विचार करीत बसलो, की प्रवाह मोजायला तेल आणि लोखंडच हवे काय?

उत्तर आमच्या कपाटातच होते!

मायकेल फॅरडेने १८२० नंतरच्या दशकात दुर्बिणींसाठी चांगली काच बनवण्याचा खटाटोप केला. तो फारसा फळला नाही. पण शिसे घातलेले जड काचेचे तुकडे उरले. १८४५ च्या सप्टेंबरात त्याने असाच एक तुकडा चुंबकाजवळ ठेवून त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला, आणि प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल किंचित फिरलेले दिसले. क्षेत्र जितके तीव्र आणि काचेतला मार्ग जितका लांब, तितका हा कोन मोठा.

पुढे १९७० साली दूरवर प्रकाश नेणारा काचतंतू तयार झाला आणि हा ‘लांब मार्ग’ हाती आला. तंतूचे वेटोळे तारेभोवती घातले की तारेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतला प्रकाश फिरतो. तार वेटोळ्याच्या मधोमध असो वा कडेला, एकूण कोन तोच. हा अँपिअरचा नियम आपण पाठ केलेलाच आहे. हजार अँपिअरला एका वेढ्यात तांबड्या प्रकाशाचा कोन जेमतेम पाव अंश भरतो. वीस वेढ्यांत पाच अंशांच्या वर जातो. काच स्वतःच विद्युतरोधक, त्यामुळे मोजणीसाठी तेलही नको आणि लोखंडी गाभाही नको. ॲल्युमिनियम गाळण्याच्या कारखान्यांत लाखो अँपिअरचा एकदिश प्रवाह असतो. तेथे साधा सीटी चालत नाही, पण हा तंतू चालतो.

कोणी म्हणेल, ही महागडी यंत्रे तयार विकत घ्यावीत. आपल्या पोरांनी कपाट कशाला उघडावे? मला हे पटत नाही. तंतू वाकला, तापला, हादरला की प्रकाशाचे ध्रुवण चुंबकाशिवायही बदलते. त्यावर उपाय आहेत. तंतू ओढतानाच त्याला पीळ देतात, प्रकाश आरशावरून त्याच वाटेने परत आणतात. परंतु मापकावरचा आकडा प्रवाहाचा की उन्हाचा, हे शेवटी माणसालाच ओळखावे लागते. ज्याने पाव अंशासाठी कधी डोळे ताणले नाहीत, तो ते कसे ओळखणार? आज जर्नलमधले आकडे उतरवणारा उद्या मापकावरचेही आकडे मुकाट्याने उतरवील. आणि त्या आकड्याच्या भरवशावर कोणाचे तरी काका रात्री यार्डात फिरत असतील.

म्हणून माझी गुरुजनांना नम्र विनंती आहे. या प्रयोगाला एकाऐवजी तीन तासिका द्या. उत्तर चुकले तरी वाचने स्वतःची असतील, आणि चूक कोठून आली हे लिहिले असेल, तर गुण द्या. जुळवून आणलेल्या उत्तराला मात्र देऊ नका.

परवा मी आणि कन्नड विभागातील माझा जोडीदार, दोघांनी परवानगी घेऊन ते उपकरण पुन्हा मांडले. तीन संध्याकाळी गेल्या. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वाद झाले. उत्तर पुस्तकातल्या किमतीपेक्षा बरेच कमी आले. विद्युतचुंबक तापल्याने प्रवाह उतरत होता, हे तिसऱ्या दिवशी ध्यानात आले. जुने पान खोडून नवे आकडे लिहिले आहेत. सही अजून व्हायची आहे.

— बी. एस्सी. भाग ३