व्हॉवेल्स फक्त पाचच?

‘ए, ई, आय, ओ, यू’. झोपेतून उठवून विचारलं तरी हे पाच व्हॉवेल्स आपण धडाधड म्हणून दाखवू. आता पटकन सांगा, ‘युनिव्हर्सिटी’च्या आधी ‘अ’ लावायचा की ‘ॲन’? फर्स्ट इयरच्या प्रेझेंटेशनमध्ये मी छातीठोकपणे ‘ॲन युनिव्हर्सिटी’ म्हणाले आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. नंतर वर्षभर मी वर्गात इंग्रजीत तोंड उघडलं नाही.

खरं तर मी पाठ केलेला नियमच पाळला होता. स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर ‘यू’, म्हणजे व्हॉवेल, म्हणून ‘ॲन’! स्वर म्हणजे कागदावरचं अक्षर नाही, तोंडातला आवाज, हे कुणी सांगितलंच नव्हतं. ‘युनिव्हर्सिटी’ सुरू होते ‘य’ने, म्हणजे व्यंजनाने, म्हणून ‘अ’. ‘अवर’मधला ‘एच’ मुका, म्हणून ‘ॲन अवर’.

गंमत म्हणजे हे तुम्हाला आधीच येतं. ‘आ’ म्हणून बघा. श्वास पुरेल तोवर लांबवता येतो, वाटेत काही अडत नाही. आता ‘प’ म्हणा. ओठ मिटलेच ना? आपली वर्णमाला याच हिशेबाने लावलीय. क-वर्ग घशाकडे, प-वर्ग ओठांवर.

इंग्रजी लिपीत स्वर पाच, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारांत ते साधारण २० आहेत. एकटा ‘ए’ घ्या : कॅट, केक, कार, ऑल, अबाउट. स्पेलिंगमध्ये एकच अक्षर, देवनागरीत मात्र पाच वेगळे स्वर दिसतात! ॲ आणि ऑ तर आपण इंग्रजी शब्दांसाठीच घेतले. २००९च्या शासन निर्णयाने त्यांना वर्णमालेत जागाही दिली. मग इंग्रजीच्या तासाला ही वर्णमाला दाराबाहेर का ठेवायची?

‘अशाने उच्चार मराठीच राहतील,’ असं कुणी म्हणेल. थोडं खरंय. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’मधला फरक वेगळा शिकवावाच लागेल. पण माहीत असलेल्यावरून नवीन शिकणं सोपं जातं.

तुमच्यापैकी कुणी धाकट्या भावंडांचा अभ्यास घेत असेल, कुणी एनएसएसमधून वस्तीतल्या मुलांना शिकवत असेल. त्यांना आधी आवाज ऐकवा, मग अक्षर दाखवा. आणि वर्गात कुणी ‘ॲन युनिव्हर्सिटी’ म्हणालं, तर प्लीज हसू नका. कारण सांगा. कदाचित त्याचं एक वर्ष वाचेल.