आभार कोणाचे मानायचे?

आपल्याकडे आभारप्रदर्शन हा कार्यक्रमातला सर्वांत उपेक्षित भाग. वक्ते खाली बसतात, मागच्या रांगेतील मंडळी चपला शोधू लागतात आणि कोणी एक विद्यार्थी चिठ्ठीवरची नावे भराभर वाचून मोकळा होतो. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले. राजूरच्या इतिहासाचे आमचे छोटेसे प्रदर्शन पार पडले तेव्हाही हेच झाले. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या चिठ्ठीत नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

वणीजवळचे राजूर म्हणजे कोळशाचे आणि चुन्याचे गाव. त्याला कसला आला इतिहास, असे आम्हांला अनेकांनी विचारले. लोकनायक बापूजी अणे १८८० साली वणीत जन्मले, तो खरा इतिहास, अशी एकूण समजूत. अण्यांविषयी आदर आहेच. पण खाणीत उतरणाऱ्या माणसाचे काय?

१ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, ही ओळ पुस्तकात सापडते. बिल्ल्याची गोष्ट मात्र एका निवृत्त खाणकामगाराने सांगितली. खाली उतरण्यापूर्वी दिव्यांच्या खोलीत आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला परत. पाळी सुटली तरी खिळ्यावर बिल्ला उरला, तर माणूस अजून खाली आहे! आमच्या टेबलावर तो बिल्ला रुपयाएवढा दिसत होता. हे ऐकल्यावर मला त्याला हात लावायचा धीर होईना.

चुनाभट्टीवर काम केलेल्या एका मावशींनी घमेले दिले. भट्टीत चुनखडी आणि कोळशाचे थर कसे लावतात, भाजून निघालेल्या कळीवर पाणी पडताच ती कशी उकळते, तेव्हा हात नि डोळे कसे जपायचे, हे सारे त्यांनी उभ्या उभ्या समजावले. निघताना एवढेच विचारले, “घमेलं वापस भेटन ना बाप्पा? परवा कामाले लागते मले.” ते घमेले वेळेत पोचवणे हेच तिथले खरे आभारप्रदर्शन होते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाचा शोध घेतला, शारदाश्रमात हस्तलिखिते जमवली. त्यांची थोरवी निर्विवाद. परंतु सांकेतिक लिपीतल्या त्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी बासनात जपल्या आणि एके दिवशी ते बासन सोडले, म्हणून पुढचे संशोधन झाले. हे सोडणारे हात कोणाचे होते?

माझे म्हणणे साधे आहे. वस्तूखालच्या चिठ्ठीवर, देणाऱ्याची संमती घेऊन, त्याचे नाव असावे. माहिती त्याने सांगितली असेल तर तसे लिहावे आणि लावण्यापूर्वी ती त्याला वाचून दाखवावी. एका प्राध्यापकांच्या मते यामुळे चिठ्ठ्या लांबतात. लांबू द्या. पाहुण्यांचे परिचय काय थोडके लांबतात? मात्र ही नावे वस्तूपाशी हवीत, माझ्या लेखाची शोभा वाढवायला नकोत. म्हणून ती इथे दिलेली नाहीत.

घमेले दुसऱ्याच दिवशी पोचले. बिल्ला अजून आपल्या महाविद्यालयाच्या कपाटात आहे आणि त्याची पावती कोणी दिलेली नाही. ती या महिन्यात द्यावी.