वेगमर्यादेवर लोकांचा पहारा

देशातील रस्त्यांवर २०२२ या एकाच वर्षात १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती. यांतील दहांपैकी सात मृत्यू अतिवेगामुळे झाले, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. एखाद्या साथीने एवढे बळी घेतले असते तर विधिमंडळ दणाणून गेले असते. रस्त्यावरचा मृत्यू मात्र एकेकट्याला गाठतो आणि आतल्या पानावरील चार ओळींत त्याची बोळवण होते.

कायदा नाही, असे मुळीच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वेगमर्यादेची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंडही वाढला. द्रुतगती मार्गावर कॅमेरे आले. परंतु कॅमेरा दिसताच ब्रेकवर जाणारा पाय, तो मागे पडताच पुन्हा वेगाकडे वळतो. शिवाय जे राज्यमार्ग गावाच्या मधोमध जातात, जेथे एका अंगाला शाळा आणि दुसऱ्या अंगाला एसटीचा थांबा असतो, तेथे ना कॅमेरा, ना शिपाई. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागते, हा पदार्थविज्ञानाचा नियम रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला शिकवून काय उपयोग? तो चालकाला उमगला पाहिजे.

अशा ठिकाणी गावकऱ्यांनीच पहारा करावा, ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये पोलिसांनी प्रशिक्षण दिलेले नागरिक वेगमापक यंत्र घेऊन रस्त्याकडेला उभे राहतात आणि मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनाचा क्रमांक टिपून घेतात. गाडीमालकाला पोलिसांचे समजपत्र जाते. त्या नोंदीवरून दंड होत नाही. आपण कोणाच्या तरी नजरेत आलो, एवढी जाणीव पुष्कळांना पुरते. महाराष्ट्रालाही लोकसहभाग अपरिचित नाही. गाडगेबाबांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या स्वच्छता अभियानात गावेच्या गावे झाडू घेऊन उतरली होती. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. माणसे आहेत, त्यांना नेमके काम दिले जात नाही, इतकेच.

धोका आहे तो वेगळाच. हाती शिटी आली की पुष्कळांच्या अंगात फौजदार संचारतो. रस्ता अडवून वर्गणी उकळणाऱ्या टोळक्यांचा अनुभव ताजा असताना, स्वयंसेवकाच्या हाती काठी, पावतीपुस्तक किंवा गाडी अडविण्याचा अधिकार देणे म्हणजे नव्या उपद्रवाला आमंत्रण होय. त्याने रस्त्यापासून दूर, दिवसाउजेडी, पोलिसांच्या माहितीने उभे राहावे आणि पाहावे, टिपावे, कळवावे. मुलांना तर रस्त्याकडेला उभे करूच नये. नोंदीत सरपंचाची जीप, शाळेची गाडी आणि मंत्र्यांच्या ताफ्यातील वाहनही यावे. ती वगळली, तर बाहेरच्या ट्रकचालकाला जाब विचारण्याचा हक्क त्या गावाला कसा राहील?

आणि सरकारने आपला वाटा उचलावा. जानेवारीत चालकांना गुलाबाची फुले वाटून छायाचित्रे छापून आणणे सोपे असते. टिपून आलेल्या प्रत्येक क्रमांकावर आठ दिवसांत समजपत्र धाडणे, वारंवार सापडणाऱ्या गाडीसाठी त्या ठिकाणी वाहतूक पोलीस पाठविणे आणि महिनाअखेर त्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, हे कष्टाचे काम आहे. ते झाले नाही तर दुसऱ्या महिन्यात त्या रस्त्याकडेला कोणी उभे राहणार नाही.