अंगठा चोखणारं लेकरू आणि आपण पाठ केलेला फ्रॉइड



टीईटीच्या तयारीत आपण सगळ्यांनीच हे पाठ केलंय. लगेच हवं म्हणणारं इदम्, परिस्थिती पाहून मार्ग काढणारा अहम् आणि 'हे चूक' म्हणून टोचणारा पराहम्. सिग्मंड फ्रॉइडने ही त्रयी १९२३ मध्ये मांडली. न झेपणारी गोष्ट अबोध मनात ढकलणं म्हणजे दमन, एकाचा राग दुसऱ्यावर काढणं म्हणजे विस्थापन. परीक्षा झाली की वही माळ्यावर!

आता वर्गात या. दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. लेकरं एक तर संगं जातात, नाही तर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

माझ्या वर्गात तिसरीला असाच एक मुलगा होता. दिवाळीपर्यंत धडाधड वाचायचा. डिसेंबरात अंगठा चोखायला लागला, शेजारच्या पोराची पाटी फोडली. मी काय केलं? "एवढा मोठा झालास अन् अंगठा चोखतोस?" म्हणून सगळ्यांसमोर हसलो. लिहिताना आज लाज वाटते. लहानपणच्या वागण्याकडे परत जाणं म्हणजे प्रतिगमन. पाटीवर निघालेला राग बहुधा पाटीचा नव्हताच. दोन्ही व्याख्या मला तोंडपाठ होत्या.

फ्रॉइडची मुलगी ॲना आधी आपल्यासारखीच प्राथमिक शिक्षिका होती. मन स्वतःला कसं वाचवतं, त्या संरक्षण यंत्रणांवर तिने १९३६ मध्ये पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात तिने आणि डोरोथी बर्लिंगहॅमने लंडनमध्ये घरापासून तुटलेल्या मुलांसाठी निवासी बालगृहं चालवली. बॉम्बपेक्षा आईची ताटातूट लेकरांना जास्त लागते, हे त्यांना तिथे दिसलं. सवय मोडलेली मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागली. मग त्यांनी थोड्या थोड्या मुलांमागे एक ठरलेली बाई नेमली. आधी हेवेदावे, रडारड वाढली, पण नंतर मुलं बोलण्या-वागण्यात पुढे सरकली.

आपल्या वसतिगृहात आपण जेवण, पांघरूण, हजेरी बघतो. या लेकराचं ठरलेलं माणूस कोण, हे कोणी विचारतं का? माझ्या मते तपासणीत पहिला प्रश्न हाच हवा.

फ्रॉइडचं सगळंच खरं माना, असं मी म्हणत नाही. त्याची बरीच मतं तपासून पाहताच येत नाहीत, ही टीका रास्त आहे. आणि आपण डॉक्टरही नाही. लेकरू आठवडेच्या आठवडे गप्प राहिलं तर तज्ज्ञाकडेच न्यावं.

पुढच्या हंगामात मी त्याच्या आईचा नंबर आधीच लिहून घेतला. दर शनिवारी फोन लावायचा. पहिले दोन शनिवार तो नुसता रडला. आजी म्हणाली, "सर, नका लावू, लेकरू लई रडतंय." मी लावत राहिलो. तिसऱ्या शनिवारी त्याने आईला बैलांचं विचारलं.

दिवाळीआधीच्या पालकसभेत एवढं जरूर सांगा : लेकरू झोपेत असताना गुपचूप निघू नका, "परवा येतो" असं खोटं सांगू नका. कुठं चाललो, कधी येणार, ते त्याला नीट सांगून जा.