पट्टी माझी, खातं दिरांचं

२०२३च्या फेब्रुवारीत आम्ही आळेफाट्याला एकशे साठ पिशव्या कांदा नेला. दहा किलोला साठ रुपयांच्या आसपास भाव बसला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता जे उरलं, ते घरी सांगायलाही नको वाटत होतं. विक्रीच्या पट्टीवर नाव माझं होतं. रोप मी टाकलं, लागणीला बाया मी गोळा केल्या, आणि कांदा काटून बोटांना चिरा पडल्या त्याही माझ्याच.

पुढे सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला, २०० क्विंटलपर्यंत. माझ्या ऐंशी क्विंटलचे अठ्ठावीस हजार होत होते. कागद जमवायला बसले आणि तिथेच गाडी अडली. पट्टी माझ्या नावाची, सातबारा दिरांच्या. ते मुंबईला असतात. पिंपळवंडीतला त्यांचा वाटा आम्हीच करतो.

नियमात त्यावर तोड होती. सातबारा एकाच्या नावावर आणि पट्टी घरातल्या दुसऱ्याच्या, तर संमतीचं शपथपत्र जोडायचं. पैसे मात्र ज्याचा सातबारा, त्याच्याच खात्यात. दीर एक दिवस खाडा करून गावी आले, सही करून गेले. अनुदान टप्प्याटप्प्याने आलं आणि दर वेळी त्यांनी ते इमानदारीत मला पाठवलं. "वहिनी, आले बरं का पैसे," असा फोन यायचा, तेव्हा बरं वाटायचं आणि ओशाळल्यासारखंही व्हायचं. माझ्याच कांद्याचे पैसे मला दिरांच्या चांगुलपणावर मिळत होते. जिचा जमीनवाला परका आहे, तिने कुणाच्या चांगुलपणाची वाट बघायची?

कांद्याचं ते अनुदान त्या एका हंगामापुरतं होतं. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि २०२३पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार नेमाने येतात, पण तेही जमीन ज्याच्या नावावर त्यालाच. खंडाने, वाट्याने करणाऱ्याला त्यातला रुपयाही नाही. एप्रिल २०२५पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही सातबाऱ्यालाच जोडलेला. खत, औषध, मजुरी यांची उधारी ज्याच्या डोक्यावर, त्याचं नाव कुठेच नाही.

जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबारा उताऱ्यात 'जमीन करणाराचे नाव' असा रकाना असायचा. तो भरायला मालक घाबरायचे, आणि उगाच नाही. १९४८च्या कुळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिला, तेव्हापासून परक्याचं नाव उताऱ्याला लागू न देणं हे गावोगावचं शहाणपण झालं. आमचे दीर देवमाणूस, पण 'तुमच्या उताऱ्यावर माझं नाव लावू का' असं विचारलं, तर त्यांनाही रात्री झोप लागायची नाही. त्यांना मी दोष देणार नाही.

म्हणूनच हक्क आणि मदत यांची गाठ सोडवायला हवी. आंध्र प्रदेशाने २०१९मध्ये तसा कायदा केला. कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं. त्यावर पीककर्ज, विमा, भरपाई मागता येते, जमिनीवर हक्क मात्र सांगता येत नाही. तिथेही मालकाची सही लागते, त्यामुळे सगळ्यांना ते मिळतं असं नाही. पण निदान कसणाऱ्याची कुठेतरी नोंद होते.

आपल्याकडे त्यासाठी नवं खातं उघडायला नको. ई-पीक पाहणी आहेच. दर हंगामात बांधावर उभी राहून कांद्याचा फोटो मीच काढते, आणि ॲपमध्ये खातेदार म्हणून दिरांचं नाव निवडते. त्याच पडद्यावर खाली आणखी एक ओळ द्या: या हंगामात पीक कोण करतंय? उत्तर अकरा महिन्यांपुरतं धरा, जमिनीचा हक्क त्यातून निघणार नाही असं कायद्यात लिहून द्या, आणि पिकाचं अनुदान त्या नावाच्या खात्यात जमा करा. ती ओळ आली, तर दीर स्वतःच मला म्हणतील, "वहिनी, तुमचं नाव टाका."